एका पायाची बेगम

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील तमाम नागरिक, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे आणि विशेषतः क्रेनचे मालक यांना या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, डेरिक म्हणजे क्रेन नव्हे. आजवर ज्यांनी तसे म्हटले त्यांना एकवार माफी देण्यात येत आहे. यापुढे जो म्हणेल त्याला रहीमभाईसमोर उभे करण्यात येईल, आणि पुढील परिणामांस निवेदक जबाबदार राहणार नाही.

झालं. आता खाली बसून बोलतो.

जड वस्तू उचलून जागेवर ठेवून देणं हा माझा धंदा. लातूरला औद्योगिक वसाहतीत माझं एक पत्र्याचं शेड आहे, त्यात नळ, तारा, कप्प्या आणि एक कायम नाराज मांजर राहतं. लग्नकार्यात कुणी विचारलं, ‘आपण काय करता?’ की मी सांगतो, तुम्हाला जे उचलवत नाही ते मी उचलून देतो. बरेच लोक त्यावर लगेच आवाज खाली आणून आपल्या मेव्हण्याचं नाव सांगतात. ते काम आम्ही घेत नाही.

क्रेन तुम्ही पाहिलेली असते. पिवळी, चाकांवरची, धूर सोडत येणारी. तिचं मला वाकडं नाही. पण तिचे नखरे फार. तिला रुंद रस्ता लागतो, वळायला जागा लागते, डोक्यावर विजेच्या तारा चालत नाहीत, आणि जमीन भुसभुशीत असली की बाईसाहेबांचा पाय रुततो. आपल्याकडची गावं क्रेनला विचारून वसवलेली नाहीत. जिथे तिचा रस्ता संपतो तिथून माझी डेरिक सुरू होते.

डेरिक म्हणजे मुळात एक उभा खांब. जाड लोखंडी नळ, तुकड्यातुकड्यांनी टेम्पोत घालून आणायचा आणि जागेवर बोल्टांनी जोडायचा. गंमत पुढे आहे. हा खांब जमिनीत गाडत नाहीत. त्याला पाया नाही, काँक्रीट नाही. एका लोखंडी पाटावर नुसता टेकवून उभा करतात. मग तो पडत का नाही? तर त्याच्या डोक्यापासून चहूबाजूंना तारेचे दोर खाली नेऊन जमिनीशी घट्ट ताणलेले असतात. तंबूला असतात तसे. म्हणून आम्ही त्यांना तणावेच म्हणतो. खांबाच्या पायथ्याशी एक बिजागरी, आणि त्या बिजागरीत बसवलेला दुसरा, तिरका नळ. तो डेरिकचा हात. हा हात वर-खाली होतो आणि खांबाभोवती फिरतोही. हाताच्या टोकाला कप्प्या, कप्प्यांतून खाली आलेला दोर, दोराला आकडा, आकड्याला वजन. दोराचं दुसरं टोक विंचवर. विंच म्हणजे दातेरी चाकांचा रहाट. दोन माणसं दोन बाजूंनी दांडा फिरवतात आणि एका माणसाला हलवता येणार नाही असं धूड लग्नातल्या नवरीसारखं हळूहळू वर जातं.

कप्प्यांची जादू शाळेत शिकवतात, पण तिथे ती जादू वाटत नाही. दोर चार पदरी घेतला की वजन चौघांत वाटलं जातं, तुमच्या हाताशी चौथाईच येतं. मात्र वजन हातभर वर न्यायचं तर दोर चार हात ओढावा लागतो. जोर वाचवा आणि वेळ द्या, असा तो सौदा आहे. इतका सरळ सौदा मी या धंद्यात दुसऱ्या कुणाशी केलेला नाही.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. डेरिकचा हात वजन घेऊन ज्या बाजूला झुकतो, त्याच्या बरोबर उलट बाजूच्या तणाव्यावर सगळ्यात जास्त ओढ येते. तो पाठचा तणावा ढिला पडला की संपलं. म्हणजे पराक्रम पुढे दिसतो आणि धरून ठेवणारा मागे कुणाच्या तरी अंगणात असतो. या यंत्राला एकच पाय आहे, पण ते उभं राहतं ते आजूबाजूच्यांनी धरल्यामुळे. मी तीसेक वर्षं हे पाहतो आहे आणि अजून दर वेळी खांब उभा राहिला की माझे हात आपोआप कमरेवर जातात आणि मी मान वर करून उभा राहतो, जणू मीच त्याचा बाप.

बाप मी नाही. तो मान रहीमभाईचा.

रहीमभाई नांदेडचा. माझा मुख्य मिस्त्री. लोक त्याला माझा कामगार समजतात, तो मला त्याचा मॅनेजर समजतो. उचल असेल त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यांत सुरमा, गळ्यात पितळी शिट्टी. विनय हा गुण त्याच्यापाशी कधी नव्हता आणि असावा असं त्याला वाटलंही नाही. एकदा एका मालकाने भीत भीत विचारलं, ‘नीट चढेल ना?’ तर म्हणाला, “सेठ, मैं खुद को उठाता तो वो भी नीट चढता, लेकिन पकडनेवाला मेरे बराबर का मिलता नहीं.” आमच्या डेरिकला तो बेगम म्हणतो. “बेगम को धूप लग रई, ताडपत्री डालो.” “बेगम के पाँव में खडी आयी, पाट सरळ करो.” शेडमध्ये नवीन आलेल्या माणसांना पहिले काही दिवस वाटत राहतं की कुठेतरी खरंच एक बाई आजारी आहे.

आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न, वजन किती? आणि पहिलं खोटं उत्तर तिथेच मिळतं. रहीमभाई म्हणतो, “वजन से डरना नक्को, साब. वजन झूट नहीं बोलता. मालक बोलता.”

मुरुडचे एक कापडदुकानदार काका होते. घरावर नवा मजला चढवला होता आणि जुन्या गच्चीवरची प्लास्टिकची टाकी नव्या गच्चीवर न्यायची होती. टाकी पाच हजार लिटरची. रिकामी असली तर चार माणसं दोराने ओढून नेतील, आम्हाला कशाला बोलावलं, हे मला कळेना. गच्चीवर जाऊन झाकण उघडलं आणि कळलं. टाकी काठोकाठ भरलेली.

“काका, पाणी काढावं लागंल.”

“म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं,” काका म्हणाले. “पाणी काढायचं असतं तर पोरांनीच नेली असती.”

मी समजावलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन. बेगम हे उचलंल, पण प्लास्टिकची टाकी हवेत फाटंल आणि पाच टन पाणी तुमच्या दुकानातून साड्या पाहत पाहत रस्त्यावर जाईल. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सायब, तुम्ही लातूरचे. तुम्ही तरी असं बोलू नये. टँकर कवा येईल ते त्या टँकरला बी म्हाईत न्हाई.”

ज्याला हे वाक्य विनोदी वाटलं तो आमच्या भागातला नाही. शेवटी सगळी गल्ली कामाला लागली. घागरी, हंडे, कूलरच्या टाक्या, कुणाच्या तरी नातवाचा आंघोळीचा टब, सगळं भरलं. टाकी फुलासारखी वर गेली आणि मग पाणी परत आलं. शेवटच्या घागरीवाल्या बाईने घागर देताना सांगून टाकलं, “काका, यातलं थोडं वरणात गेलंय. बोलावू का जेवायला?”

दुसरा किस्सा हिमायतनगरच्या एका जिनिंगवाल्याचा. तिथे मी जरा शहाणपणा केला. डेरिक हे नाव कुठून आलं, असं त्यांनी सहज विचारलं आणि मीही सहज सांगितलं की विलायतेत फार पूर्वी फाशी देणारा एक माणूस होता, त्याच्या आडनावावरून. फाशीच्या खांबासारखं दिसतं ना, म्हणून. मालकाचा चेहरा उतरला. रुईच्या गाठी बांधायचा प्रेस अर्ध्यावर लटकलेला, आणि मालक म्हणतो, खाली घ्या. असलं अशुभ माझ्या मिलमध्ये नको. मी म्हणालो, नुसतं नाव आहे हो. पण मालकापेक्षा जास्त रागावला होता रहीमभाई. “फाँसी? बेगम को बोले तुम?” तो माझ्याशी दिवसभर बोलला नाही. हाताने खुणा करत राहिला, त्याही फक्त विंचवरच्या माणसांना. प्रेस चढला तो खांबाला लिंबू-मिरची बांधल्यावर. त्या लिंबू-मिरचीशेजारी रहीमभाईने दर्ग्याचा हिरवा धागा बांधला. दोन्ही अजून बांधतो. दोन्ही तणावे सारखेच ताणलेले बरे, असं त्याचं म्हणणं.

रहीमभाईच्या बोलण्या-न बोलण्यावरून आठवलं. उचल सुरू झाली की आमच्याकडे सगळ्यांची तोंडं बंद. फक्त एकाचा हुकूम चालतो. वर, खाली, फिरव, हे तो एकटा सांगणार, शिट्टीने आणि हाताने. मी मालक असलो तरी गप्प. पण एक शब्द असा आहे की तो कुणीही उच्चारावा. कामगार, मालक, रस्त्याने जाणारा, शत्रू, कुणीही. तो शब्द म्हणजे ‘थांब’. हा शब्द कानावर पडला की विंचवरच्या माणसाने विचार करायचा नाही, कोण म्हणालं ते बघायचं नाही, हात जागच्या जागी गोठवायचा. दर उचलीआधी रहीमभाई जमलेल्या सगळ्यांना हे सांगतो. नाटकाची तिसरी घंटा झाल्यासारखा शर्ट खाली ओढतो आणि सांगतो.

आता गयाबाईंकडे चला.

अर्धापूरच्या बाजूला एक गाव. चहूकडे केळी. गयाबाईंचं केळी पिकवायचं चेंबर आहे. चेंबर म्हणजे जाड भिंतींची थंड खोली. हिरवे घड आत ठेवायचे, आतली हवा यंत्राने थंड आणि एकसारखी ठेवायची, मग सगळी केळी एकाच दिवशी, एकाच रंगाची पिवळी होऊन बाहेर पडतात. गयाबाई विधवा. चेंबर नवऱ्याने, दत्तरावांनी, सुरू केलं आणि ते गेल्यावर बाईंनी चालवलं. दारावर अजून त्यांच्याच नावाची पाटी. गावातले लहान शेतकरी आपला माल डोळे झाकून बाईंकडे आणून टाकत.

वैशाखात चेंबर गच्च भरलेलं असताना छतावरचं थंडावा देणारं यंत्र जळालं. मला हे ठाऊक नव्हतं, बाईंनी सांगितलं, की पिकायला लागलेली केळी स्वतः गरम होतात. बंद खोलीत एवढे घड एकमेकांना तापवत बसले की आतून शिजतात. साल हिरवी आणि गर नुसता लगदा. नवं यंत्र आलं होतं, टनभर वजनाचं, पण ते गावाच्या वेशीबाहेर ट्रकमध्ये. वेशीची दगडी कमान इतकी बुटकी की क्रेन आत शिरेना. छोट्या टेम्पोतून ते अंगणापर्यंत कसंबसं आलं, पण छतावर कोण नेणार? म्हणून मध्यरात्रीनंतर बाईंचा मला फोन.

“आज चढलं पायजे सायब. उद्या मला केळीवाल्यांना तोंड दाखवता येणार न्हाई. लोकांनी माल माझ्या शब्दावर टाकलाय. एकदा शब्द सडला की परत पिकत न्हाई.”

आम्ही सकाळी पोहोचलो. रहीमभाईने अंगणात खांबाची जागा धरली. तीन तणावे बाईंच्याच आवारात बसले. त्यासाठी आम्ही जाड ओंडका आडवा, खोल पुरतो आणि त्याच्या कमरेला तार बांधतो. रहीमभाई त्याला दफन करणं म्हणतो आणि माती लोटून झाली की क्षणभर गप्प उभा राहतो, हे खरं की नाटक मला आजवर कळलं नाही. चौथा तणावा उरला. पाठचा. चेंबरच्या बरोबर उलट बाजूचा. तुम्हाला ध्यानात ठेवायला सांगितलं होतं तोच.

तो जात होता छातीएवढ्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, शेजारच्या आवारात. आणि शेजार होता बापूरावांचा. बापूराव म्हणजे दत्तरावांचे धाकटे भाऊ. गयाबाईंचे दीर.

“तिकडं न्हाई,” बाई म्हणाल्या. “दुसरीकडं बांधा.”

“दुसरीकडं बांधला तर यंत्र खांबासकट चेंबरवर पडंल, बाई.”

तेवढ्यात भिंतीपलीकडून बापूरावच आले. हातात ग्रीसने माखलेलं फडकं. ते थेट मला म्हणाले, “इंजिनेर सायब, आमच्या जागेत खड्डा पडणार न्हाई. आज खड्डा पडला की उद्या वहिवाट पडती. परवा कोर्टात सांगतील, आमचा दोर पहिल्यापासून हितंच होता.”

ज्यांनी भावकी पाहिलेली नाही त्यांना हे वेडेपण वाटेल. एका दिवसासाठी ओंडका पुरायचा, संध्याकाळी काढून खड्डा बुजवायचा, त्यात काय वहिवाट? पण वाटणीच्या वेळी याच चेंबरखालच्या पट्ट्यावरून दोन घरांत बोलणं तुटलं होतं. दत्तराव असतानाच तुटलं, ते गेल्यावरही जुळलं नाही. अबोला कसला, पूर्ण अबोला. गयाबाईंना काही सांगायचं असलं तर त्या कोंबड्यांना सांगायच्या. ‘काही लोकांनी नळ चालूच ठेवलाय गं बायांनो.’ पलीकडून बापूराव बैलाला उत्तर द्यायचे. गावाला याची इतकी सवय झाली होती की कुणी हसतसुद्धा नसे.

त्या दिवशी कोंबड्यांच्या जागी मी होतो. भिंतीच्या या बाजूला बाई, त्या बाजूला बापूराव, मधे हातभर अंतर, आणि भिंतीला टेकून मी.

“त्यांना सांगा,” बाई म्हणाल्या, “की माझ्या मालकाच्या नावाचं चेंबर हाय. मला कुणाची इतभर जागा नको.”

मी बापूरावांकडे वळलो. “ऐकलं ना?”

“मला काय ऐकू आलं न्हाई. तुम्ही सांगा.”

मी सांगितलं.

“त्यांना म्हणावं, जागा नको व्हती तर तवाच का न्हाई म्हणाल्या?”

मी बाईंकडे वळलो. रहीमभाई खांबाशी उभा राहून हे बघत होता. “साब,” तो म्हणाला, “तुम विंच हो गए. दोनों तरफ से घुमा रे तुम को.”

ऊन चढत होतं. बाई मधेच उठून चेंबरच्या दाराला हात लावून येत. तव्याला लावून बघतात तसा. तिसऱ्यांदा जाऊन आल्यावर त्या ओट्यावर बसल्या आणि पदराने मान पुसत राहिल्या. त्या बाईंना मी तोवर बसलेलं पाहिलं नव्हतं. बापूरावांनीही ते पाहिलं असावं. त्यांनी मला बोटाने खूण करून भिंतीच्या कोपऱ्याकडे नेलं.

“केळी सडली तर नाव कुणाचं जाईल?” ते हळू आवाजात म्हणाले.

“बाईंचं.”

“पाटीवर कुणाचं हाय?” त्यांनी फडक्याला हात पुसले. “माझ्या भावाचं हाय. हे त्यांना सांगायचं न्हाई.”

मग फडकं खांद्यावर टाकून एकदम नेहमीच्या आवाजात बोलू लागले. “खड्डा नको म्हणजे नको. पण माझा ट्रॅक्टर हाय. मागं पल्टी नांगर हाय. माझ्या जागेत माझा नांगर मी कितीबी खोल रोवीन, त्याला कोण वहिवाट म्हणतंय? तुमची तार त्याला बांधा.”

मी हिशेब केला. ट्रॅक्टरचं वजन, नांगराचे फाळ जमिनीत, वर वाळूने भरलेल्या गोण्या. पुरत होतं. रहीमभाईने तिकडे जाऊन नांगराला लाथ मारून पाहिली, फाळाच्या टोकापासून ट्रॅक्टरच्या नाकापर्यंत सगळं न्याहाळलं, चाकांना दगड लावले आणि त्याच्या परीने सर्वात मोठी पदवी दिली. “बेगम को चलता.”

“पण एक,” बापूराव म्हणाले. “ट्रॅक्टरवर मी बसणार. माझा ट्रॅक्टर एकटा सोडून मी कुठं जाणार न्हाई.”

तणाव्याच्या रेषेत माणूस बसवायचा नसतो. ती जागा धोक्याची. रहीमभाईने साफ नकार दिला. बापूरावांनीही तो ऐकायला साफ नकार दिला. शेवटी आम्ही तार नांगराच्या चौकटीला अशी बांधली की बसायची सीट तिच्यापासून बाजूला राहील, आणि बापूराव त्या सिंहासनावर चढून बसले. ट्रॅक्टरच्या सीटवरून भिंतीपलीकडचं सगळं अंगण त्यांना दिसत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी ते सरळ नजरेने पाहिलं नसेल.

रहीमभाईने शर्ट खाली ओढला. शिट्टी उजव्या हातात घेतली. जमलेल्या साऱ्या गावाला सांगितलं, आता सगळे मुके. फक्त ‘थांब’ हा शब्द कुणीही बोला, ती मुभा सगळ्यांना आहे. मग तो शिडीने चेंबरच्या छतावर गेला, कारण यंत्र नेमकं कुठे टेकवायचं ते तिथूनच दिसत होतं.

आधी यंत्र वीतभर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. ही आमची चाचणी. तारा गातात का, नांगर सरकतो का, पाट दबतो का, ते बघायचं. नांगर जागचा हलला नाही. रहीमभाईने बोट वर फिरवलं. विंचवरची दोघं दांडा फिरवू लागली. टकटक, टकटक. टनभर लोखंड चेंबरच्या दारासमोर हळूहळू वर निघालं आणि सगळं गाव माना वर करून उभं राहिलं.

आता इथे मी जरा खोडसाळपणा करणार आहे. शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको, यंत्राचा होता तेवढा पुरे. यंत्र छतावर बसलं, अंगुळभरही इकडेतिकडे नाही. दुपारी यंत्रवाल्या कंपनीच्या मिस्त्रीने नळ्या जोडल्या. बाईंची केळी पिवळीधमक होऊन बाहेर पडली आणि त्यातला एक घड माझ्या शेडमध्ये आला, त्याला मांजराने पाठ दाखवली. कुणाला ओरखडा उठला नाही. संध्याकाळी बापूरावांनी नांगर वर उचलला तेव्हा जमिनीत चार चरे राहिले होते, ते त्यांनी स्वतः पायाने बुजवले. वहिवाट पडली नाही. आता त्या गावाची कमान शाबूत ठेवून बाजूने रुंद रस्ता निघतो आहे म्हणतात. पुढच्या वेळी तिथे पिवळी क्रेन जाईल आणि तासाभरात काम करून येईल. तिला कुणाच्याही अंगणात काही बांधावं लागणार नाही. चांगलंच आहे. पण बेगमचे नळ आता शेडमध्ये जास्त दिवस आडवे पडून असतात, आणि रहीमभाई गुडघे दुखतात म्हणून शिडी चढायच्या आधी दोन वाक्यं जास्तीची बोलतो, याचं मला वाईट वाटतं ते वाटतंच. कुणाला काही विचारावं न लागता एवढं वजन वर जावं, यात मला कुठेतरी चुकल्यासारखं वाटतं.

तर यंत्र वर चाललं होतं. पुरुषभर उंच गेलं, दीडपुरुष गेलं. मी भिंतीशी उभा राहून नांगराकडे डोळे लावून होतो. विंचवरच्या दोघांचे डोळे रहीमभाईच्या हातावर. रहीमभाईचे डोळे यंत्राच्या वरच्या कडेवर. छताच्या काठामुळे त्याला खालचं दार दिसत नव्हतं.

आणि चेंबरचं दार आपोआप उघडलं. कडी नीट बसली नसावी. एवढीशी फट. पण त्या फटीतून आत जाणारी वैशाखाची गरम हवा गयाबाईंना जणू अंगावर जाणवली. त्या ओट्यावरून उठल्या आणि सरळ चालत दाराकडे गेल्या. बरोबर लटकत्या लोखंडाखाली. तिथे उभं राहून दार ढकलू लागल्या.

गावाच्या माना वर, त्यामुळे ते वेळेत दिसलं फक्त एकाच जागेवरून.

“थांब,” ट्रॅक्टरवरून आवाज आला.

विंच गोठली. दात्यात खिट्टी पडल्याचा एकच आवाज आणि मग काही नाही. सगळं गाव मुकं होतंच. यंत्र हवेत जरासं डुललं आणि स्थिर झालं. छतावर रहीमभाई हात वर धरून तसाच पुतळा झाला.

“वैनी,” बापूराव म्हणाले. “सरका तिथून.”

गयाबाई सरकल्या नाहीत. एक हात दाराच्या कडीवर, डोक्यावर टनभर लोखंड, आणि बाई मान वळवून भिंतीपलीकडे बघत उभ्या. मी त्यांना काही सांगायला तोंड उघडलं, पण त्यांचा प्रश्न माझ्यासाठी नव्हता. त्या दिवसात पहिल्यांदाच माझ्यासाठी नव्हता.

“मला म्हणून राहिले का?”

बापूराव सीटवर अर्धे उठले होते. चेहरा घामाने आणि ग्रीसने भरलेला. आणि मग त्या माणसाने साऱ्या गावासमोर, बैलाला नाही, कोंबडीला नाही, मला नाही, थेट त्यांना ऐकवलं,

“मग कुणाला म्हणू? मला काय दहा-बारा वैन्या हायत?”